स्क्रीनचा पन्हा

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची निघाली की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: पन्हा किती? पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. काकांची हयात चादरी आणि टॉवेल विकण्यात गेली, त्यामुळं त्यांच्या लेखी फ्रिजला पन्हा असतो, मोटारीला असतो, आणि मला बघायला आलेल्या एका स्थळालाही होता. हा पन्ह्यात कमी भरतोय, असं त्यांनी त्याच्या देखत मला कानडीत सांगितलं. मुलगा अक्कलकोटकडचा निघाला, त्याला कानडी उत्तम येत होतं.

तेव्हा दुकानासाठी रुंद स्क्रीन घ्यायची म्हटल्यावर बोलणं कुठून सुरू होणार हे मला ठाऊक होतं.

"पन्हा किती?"

"चौतीस इंच."

"म्हंजे टॉवेलापेक्षा जास्त." काका जरा विचारात पडले. "एवढी कशाला पायजे अव्वा? हाय त्या डब्यात दिसतंय की सगळं."

अव्वा म्हणजे मी, कानडीतलं लाडाचं नाव, आणि हाय तो डबा म्हणजे माझ्या वडिलांनी घेतलेला मॉनिटर. चौकोनी, कडेनं पिवळा पडलेला, आणि सुरू व्हायच्या आधी घसा खाकरल्यासारखा आवाज करणारा. वडील गेल्यावर मी पुण्याची नोकरी सोडून आले आणि दुकान आम्ही दोघं बघायला लागलो, मी आणि काका. काका वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं दुकान जुन्या पद्धतीचं आहे. खुर्च्या-टेबल नाही. आत शिरलं की पांढऱ्या खोळीची गादी, मागं लोड, आणि गादीवर एक बुटकं उतरतं डेस्क. त्या डेस्काशी मी मांडी घालून बसते. माझ्या डाव्या हाताला, भिंतीच्या कोपऱ्यात काका बसतात. त्याच जागेवर आधी माझे आजोबा बसायचे. गिऱ्हाईक समोर, गादीच्या काठावर. बाईमाणूस गादीवर बसणार म्हटल्यावर पेठेत महिनाभर लोकांना दुसरा विषय नव्हता. मग त्यांना कंटाळा आला आणि मी तिथंच राहिले.

आता धंदा निम्मा मोबाइलवर येतो. एका खिडकीत गिऱ्हाइकांचे निरोप, दुसरीत माल किती शिल्लक आहे ते, तिसरीत बिल. त्या पिवळ्या डब्यात एका वेळी एकच खिडकी नीट दिसायची. मी दिवसभर ही उघड, ती झाक करत बसायची. त्यात एकदा नातेपुत्याच्या व्यापाऱ्याच्या चादरी होटगीला गेल्या, आणि होटगीच्या एका लग्नघरानं आहेरासाठी मागवलेले टॉवेल नातेपुत्याला. होटगी आमच्या दुकानापासून रिक्षानं जाण्याइतकी जवळ, नातेपुते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. लग्नघरचा माणूस टॉवेल कुठंवर आले म्हणून विचारायला स्वतः आला, तेव्हा काका त्याला गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुमचे टॉवेल जरा फिराय गेल्यात. संध्याकाळपतूर येतील."

पुढं आठ दिवस जो येईल त्याला त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी म्हटलं, हसा, पण आता मला रुंद स्क्रीन पाहिजे. तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे काकांना ऐकू येत नाही. अगदीच येत नाही असं नाही. हॉर्न येतो, फटाका येतो. माणसाचं बोलणं मात्र येत नाही. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, काकांनाही माहीत आहे, आणि ती तोवर कुणी कुणाला सांगितलेली नव्हती. काका समोरच्याच्या तोंडाकडं बघतात. ओठ, गाल, भुवया, सगळं मिळून ते माणूस वाचतात, आणि इतकं बेमालूम की नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, काय लक्ष देऊन ऐकतात हो हे. दुकानातली ट्यूबलाइट त्यांनी मालावरून काढून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आणून लावली. माल तर माझा पाठ हाय, म्हणाले. फोन वाजला की त्यांचा चष्मा हरवतो आणि तो सापडेपर्यंत फोन मला घ्यावा लागतो. घरात काकूंना त्यांना बोलवायचं असलं की त्या पंख्याचं बटण दोनदा बंद-चालू करतात. पंखा अडखळला की काका "आलो" म्हणतात.

हे आम्हाला कळलं ते मास्कच्या दिवसांत. सगळ्यांची तोंडं झाकली गेली आणि काका एकाएकी परगावी आल्यासारखे झाले. गिऱ्हाईक बेडशीट मागायचं आणि काका सतरंजी काढायचे. मग त्यांचा गुडघा दुखायला लागला. मग दुकान नको, घरीच बरं, असं झालं. घरी बसून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. काकू मला म्हणाल्या, हा माणूस गादीवरनं उठला की संपला बघ. मास्क गेले आणि गुडघा दुसऱ्या दिवशी बरा झाला. कानात घालायचं यंत्र काकूंनी कारण न सांगता आणून ठेवलं होतं, ते डबीत आहे. त्यावरचं काकांचं म्हणणं असं की यंत्र दिसलं की गिऱ्हाईक ओरडून बोलतं, आणि आपला भाव सगळ्या पेठेला कळतो.

रुंद स्क्रीनमधली अडचण आता तुमच्या ध्यानात आली असेल. आमचं दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना मालाच्या मांडण्या. डेस्क हलवायला जागा नाही, आणि आजोबांनी घातलेली गादी फिरवायची भाषा काकांसमोर काढायची सोय नाही. पिवळा डबा माझ्यापुरता होता. रुंद स्क्रीन माझ्यासमोरून निघून थेट काकांच्या पुढ्यात जाणार, आणि काठावर बसलेलं गिऱ्हाईक तिच्यामागं जाणार. मला स्क्रीन हवी होती आणि काका गादीवर हवे होते, आणि दोन्ही एकदम कसं जमवायचं ते कळत नव्हतं. काकांना विचारावं तर जी गोष्ट कुणी बोलत नाही तिथूनच सुरुवात करावी लागली असती. म्हणून आम्ही दोघंही पन्ह्यावरच बोलत राहिलो.

शेवटी एका दुपारी आम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. काकांनी खिशात टेप घेतली होती आणि काखेत एक मोरपंखी चादर. ती कशाला, असं मी विचारलं नाही.

दुकानदार तिशीतला, हौशी. त्यानं भिंतीवरची सगळ्यात रुंद स्क्रीन दाखवली. काकांनी टेप काढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत धरली, पुन्हा धरली, आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "दोन इंच खाल्ल्यात."

दुकानदारानं स्क्रीनकडं तोंड करून समजावलं की माप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, तिरपं घेतात. स्क्रीनकडं तोंड असल्यामुळं काकांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते समजल्यासारखी मान डोलवत राहिले. मग मी त्यांच्याकडं वळून तेच पुन्हा सांगितलं. काकांना धक्काच बसला.

"तिरकं? तिरकं कोन मोजतंय कापड? तिरकं वडलं की कापड वाढतंय की अव्वा. असं माप आपन दिलं असतं तर लोकांनी दुकानाला कुलूप लावलं असतं."

"हे कापड नाही, साहेब," दुकानदार म्हणाला.

"म्हनून तर चाललंय," काका म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं की स्क्रीन सपाट नाही, दोन्ही कडा जरा पुढं आलेल्या आहेत. त्यांनी डोळा बारीक करून कडेनं पाहिलं, सागवानाची फळी बघावी तसं. आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं. आमच्या धंद्यात विणताना खोट राहिलेल्या मालाला सेकंड म्हणतात आणि तो वेगळ्या भावानं जातो.

"हे वाकलंय," काका म्हणाले. "सेकंडचा भाव लावा."

दुकानदारानं या वेळी नीट समोर येऊन सांगितलं की ती वाकलेली नसून मुद्दाम तशी केलेली असते, डोळ्यांना बरी पडते, आणि म्हणून जास्तीला जाते. काकांनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. वाकलंय म्हणून जास्ती. हा धंदा आपण केला नाही याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"टेबलाची उंची किती आहे?" दुकानदारानं मला विचारलं.

"टेबल नाही. मांडी घालून बसतो."

त्याला असं गिऱ्हाईक आजवर भेटलं नसावं. त्यानं नेटवर पाहिलेल्या सगळ्या सल्ल्यांत खुर्ची होती. मीही ते सल्ले वाचले होते. पाय जमिनीला टेकलेले हवेत, असं त्यांत लिहिलेलं असतं. आमचे पाय जमिनीला पुरेपूर टेकलेले असतात, मांड्यांसकट.

इतक्यात काकांनी चादर काउंटरवर पसरली. मोबाइलवर माल दाखवताना मोरपंखी रंग निळा दिसतो आणि माल परत येतो, ही त्यांची जुनी तक्रार. त्यांनी दुकानदाराला त्या चादरीचा फोटो काढून प्रत्येक स्क्रीनवर लावायला सांगितला, आणि एकेकीसमोर चादरीचा कोपरा धरून पाहिला. एका स्क्रीनवर मोरपंखी मोरपंखी दिसला. तेवढ्यात पेन ड्राइव्ह घ्यायला आलेल्या एका बाई चादर चाचपून बघायला लागल्या. काकांनी त्यांच्याकडं तोंड केलं, त्यांचे ओठ वाचले, आणि आम्ही त्या दुकानातून स्क्रीन न घेता, चादर विकून बाहेर पडलो.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नव्या मापाचा ब्लाउज आपण आधी जुन्या कापडावर बेतून बघतो. तसं करा. टॉवेल लावून बघा."

काकूंना सगळं कळत होतं. मला वाटतं, त्यांनी ते काकांसाठीच सुचवलं. काकांना एकदा बसून बघू दे, मग तेच ठरवतील. दुसऱ्या दिवशी आम्ही डेस्काला दोन लाकडी पट्ट्या उभ्या ठोकल्या, एक पांढरा टॉवेल स्क्रीनच्या मापाचा दुमडला आणि टाचण्यांनी ताणून बसवला. पिवळा डबा बाजूला, मी टॉवेलाच्या मागं.

त्या दिवसांत दुकानाला जी शोभा आली ती पुन्हा येणे नाही. बाहेरून बघणाऱ्याला कोपऱ्यात काका दिसायचे, आणि शेजारी टॉवेलाच्या आडून माझा आवाज यायचा. शेजारच्या दुकानातून चौकशी झाली की घरात काही सोयर-सुतक आहे का. एक म्हातारे दखनी बोलणारे शिंपी, आमचे जुने गिऱ्हाईक, आत आले, थबकले आणि म्हणाले, "क्या बेटी, तू पर्दा कब से पकडी?" एका बाईंना वाटलं मला दृष्ट लागलीय, त्या लिंबू बांधायला सांगून गेल्या. काका या सगळ्यांना कारण सांगत नव्हते. उलट जो येईल त्याला म्हणायचे, "आत हाय ती, बोला," आणि मजेत बसायचे. त्यांचं बरं चाललंय असं मला वाटलं. उभ्या माणसाचं तोंड टॉवेलाच्या वर दिसतं, आणि घाईचं गिऱ्हाईक उभंच असतं. बसतात ती जुनी, घरोब्याची माणसं, आणि ती रोज येत नाहीत.

मग श्रीपूरच्या अक्का आल्या.

श्रीपूरला साखर कारखाना आहे. गळीत सुरू व्हायच्या सुमाराला ऊसतोडीची माणसं येतात, थंडी पडायला लागते, आणि अक्का त्यांना चादरी विकतात. त्यांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. वर्षातून एक-दोनदा एसटीनं येणार, गादीच्या काठावर बसणार, काकांशी तासभर बोलणार, मग माल बघणार. काकांना त्या अण्णा म्हणतात. चणीनं लहान, डोक्यावर पदर. त्या बसल्या आणि टॉवेलाच्या वर त्यांच्या पदराची किनार तेवढी राहिली.

मी ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर बोलत होते. अर्ध्या कानानं मला ऐकू आलं, अक्का म्हणत होत्या, "अण्णा, आमचे हे गेले की." आणि मग, "दिवाळीच्या आदी." मी फोनवरच्या माणसाला थांब म्हणता म्हणता काकांकडं पाहिलं. काका नॅपकिनांच्या घड्या सारख्या करत होते. चेहरा शांत, जरा हसराच, कारण अक्का आल्याचा त्यांना आनंद झाला होता. अक्का बोलतायत हेच त्यांना माहीत नव्हतं.

 अक्का उठल्या, चपला घातल्या. "मेळाचं टाकते मोबाइलवर," त्या माझ्या दिशेला म्हणाल्या. मेळ म्हणजे कुठल्या रंगाच्या किती चादरी ते. "गठ्ठा बांदून ठेवा. सोमवारी येती." मी टॉवेल बाजूला करून उठेस्तोवर त्या पायरी उतरल्या होत्या, आणि हाक मारली तेव्हा गर्दीत होत्या.

काका माझ्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तो प्रश्न मला कधी विचारला नव्हता.

"काय म्हनत हुती?"

मी त्यांच्यासमोर बसले, सावकाश सांगितलं. काका ऐकत होते, म्हणजे बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी एकेक टाचणी काढली, टॉवेल सोडवला, त्याची घडी घातली आणि मांडीवर ठेवून बसून राहिले. मला त्यांची फार दया आली, आणि दया आलेली त्यांना दिसेल म्हणून मी मांडणीकडं तोंड केलं. फोन लावू का, असं पुन्हा त्यांच्याकडं वळून विचारलं, तर म्हणाले, "फोनवर कसं बोलू मी तिच्याशी?" खरंच होतं. एवढंच म्हणाले, पण पहिल्यांदा म्हणाले, हेच मोठं.

त्या दिवशी संध्याकाळी मी काकूंना सांगून टाकलं की स्क्रीन नको. डब्यावर भागवीन, टॉवेल फिरायला गेले तर जाऊ देत.  काकूंनी पंख्याचं बटण दोनदा दाबलं. काका आले.

"स्क्रीन नको म्हणतेय ही," काकू त्यांच्याकडं बघून म्हणाल्या.

"का? मोरपंखी चांगला दिसत हुता की." काका माझ्यावरच चिडले. "मी कधी बेडा म्हनलो, नको म्हनलो? माप तेवढं तिरकं हाय, बाकी माल चांगला हाय. उद्या आन."

"पण काका, बसायचं..."

"साकु," काका म्हणाले, म्हणजे पुरे. काकांनी साकु म्हटलं की विषय गुंडाळायचा.

स्क्रीन आली. दुकानदार स्वतः येऊन बसवून गेला, आणि मांडी घालून बसल्यावर ती कशी दिसते ते त्यानं खाली बसून हौसेनं पाहिलं. तो गेल्यावर काकांनी टेपनं पन्हा पुन्हा मोजला, दुकानात आणल्यावर भरला का ते बघायला. भरला नाही. मग ते उठले. कोपऱ्यातला आपला लोड उचलला, डेस्काला वळसा घालून पलीकडं, गादीच्या काठाशी, गिऱ्हाइकं बसतात तिथं नेऊन ठेवला, आणि त्याला टेकून बसले. आजोबांच्या कोपऱ्यात भिंतीवर टेकून टेकून पडलेला तेलकट डाग तेवढा उरला.  पेठेतला म्हातारा व्यापारी आपली गादीवरची जागा सोडतो म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. दुकानाच्या वाटण्या झाल्या तरी माणसं ती जागा सोडत नाहीत.

"काका, तुम्ही तिथं?"

"तुझ्या टीव्हीनं उठीवलं," काका म्हणाले.

आणि मग सुरू झालं. पहिलंच गिऱ्हाईक आलं, बसलं, बोलायला लागलं, तर काकांनी त्याला हातानं आपल्यासमोर सरकवलं. "हितं, असं तोंडासमूर बसा. हा टीव्ही आल्यापासनं मला ऐकायला कमी येतंय."

मला आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच, तिसऱ्यालाही तेच. जी गोष्ट घरात कुणी तोंडातून काढली नाही ती काका दारात उभं राहून सांगितल्यासारखी सगळ्यांना सांगत होते, आणि दोष स्क्रीनवर घालत होते. ती बारीक गुणगुणते, म्हणाले. तिच्यातनं वारं येतंय, म्हणाले. लोकही तसेच. चार दिवसांत पेठेत पसरलं की पुतणीनं आणलेल्या वाकड्या टीव्हीपायी काकांचे कान गेले. एकानं मला बाजूला घेऊन समजावलं की वडीलधाऱ्या माणसाशी असं वागू नये. मी ते निमूटपणे ऐकून घेतलं. काका पलीकडून बघत होते, आणि त्या माणसाचं तोंड त्यांच्याकडं असल्यामुळं त्यांना सगळं समजत होतं. ते इतके खूश मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

सोमवारी अक्का आल्या. गठ्ठा बांधून दारातच ठेवला होता, कारण त्या बसणार नाहीत असं मला वाटलं. त्या गठ्ठ्याशीच थांबल्या. काकांनी लोडावरचा हात काढून समोरची जागा दाखवली.

"बसा अक्का. असं समूर."

आता टीव्हीचं येणार, मी मनात म्हटलं.

"मला ऐकू येत न्हाय," काका म्हणाले. "कवापासनंच येत न्हाय. त्या दिशी तुमी बोललेलं मला कळलं न्हाय."

अक्का बसल्या. त्यांनी पदर सारखा केला. "ठावं हाय की, अण्णा," त्या म्हणाल्या. "आमाला सगळ्यास्नी ठावं हाय. मास्क हुते तवा मी लाल मागितल्या तर तुमी मला हिरव्या दिल्या. खपल्या, म्हनून बोलले न्हाय. हे बी म्हनायचे मला, अण्णाच्या तोंडाकडं बगून बोलत जा."

काका त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"मंग त्या दिशी टॉवेल सारून परत का न्हाय सांगितलं?"

 "एकदाच कसंबसं तोंडातनं आलं हुतं अण्णा," त्या म्हणाल्या. "दोनदा सांगाय जीव झाला न्हाय."

"आता सांगा," काका म्हणाले.

आणि अक्कांनी सांगितलं. कारखान्यातून घरी आले, पाणी मागितलं, तिथपासून. मधे त्यांचा आवाज बसला, नुसते ओठच हलायला लागले, तेव्हा मला काही ऐकू येईना. काकांना सगळं कळत होतं. त्यांनी एकदाही नजर हलवली नाही, पुढ्यातल्या घड्यांना हात लावला नाही. त्या दिवशी त्या दुकानात नीट ऐकू येणारं माणूस एकच होतं.

माझ्यापुढं तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या आणि मला एकातलंही अक्षर दिसत नव्हतं. रुंद स्क्रीनचा एक उपयोग सल्ल्यांत कुणी लिहीत नाही. तिच्यामागं बसून रडलं तर समोरच्यांना दिसत नाही, असं मला वाटलं होतं. पण अक्कांनी मान उंच करून माझ्याकडं पाहिलं असणार, आणि काकांनी ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं असणार. कारण वळून न बघता त्यांनी स्क्रीनच्या वरून एक नॅपकिन अलीकडं टाकला.

"सेकंडचा हाय," काका म्हणाले. "खुशाल पूस."